तुम्ही विचारलेत म्हणून : पहिल्या आलेल्या मुलाची गोष्ट

माझ्याकडे पियानो शिकायला येणाऱ्या मुलांचे पालक पहिल्या काही महिन्यांत एक प्रश्न हमखास विचारतात. दहा-अकरा वर्षांपुढच्या प्रत्येक मुलाला मी ‘पियानो नो मोरी’ ही जपानी अ‍ॅनिमेशन मालिका आईवडिलांसोबत बसून पाहायला सांगते. ती पाहून झाली, किंवा अर्धीच झाली, की एखादी आई शिकवणी सुटताना दारात थांबते आणि म्हणते, “टीचर, ही मालिका तुम्ही का दाखवता? त्यात तर दोन जिवलग मित्र एकमेकांसमोर स्पर्धेत उभे राहतात आणि एकाचं मन पार पोळून निघतं. आमच्या मुलांच्या आयुष्यात स्पर्धा काय कमी आहे?” आजवर मी दारात उभ्याउभ्याच काहीतरी थोडक्यात सांगत आले. आता तुम्ही विचारलेत म्हणून नीट लिहिते.

मालिकेच्या नावाचा अर्थ ‘पियानोचे रान’. माकोतो इश्शिकी यांची याच नावाची चित्रकथा 1998 साली सुरू झाली आणि 2015 पर्यंत चालली. मधल्या काळात, 2007 मध्ये, तिच्यावर एक चित्रपट निघाला, आणि जपानच्या एनएचके वाहिनीने 2018 व 2019 मध्ये प्रत्येकी 12 भागांच्या दोन पर्वांत ती मालिकेच्या रूपाने दाखवली. काई इचिनोसे हा मुलगा गावाच्या कडेला, वेश्यावस्तीत, आईसोबत वाढतो आहे आणि वस्तीमागच्या रानात कोणी टाकून दिलेला एक पियानो हे त्याचे खेळणे आहे. त्याच्या शाळेत शुहेई आमामिया नावाचा मुलगा नव्याने दाखल होतो, ज्याचे वडील नामवंत पियानोवादक आहेत आणि ज्याची तालीम लहानपणापासून काटेकोर झाली आहे. शाळेत संगीत शिकवणारे सोसुके आजिनो हे एके काळचे गाजलेले पियानोवादक असून एका मोटार अपघातात त्यांची वाग्दत्त वधू गेली आणि डावा हात कायमचा अधू झाला. रानातला पियानो मुळात त्यांचाच होता.

त्या पियानोविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पियानो जवळून पाहिलेल्या माणसाला तो प्रसंग वेगळाच भिडतो. माझा पियानो घरात, भिंतीपासून हातभर दूर, झाकून ठेवलेला असतो, आणि तरीही जुलै उजाडला की पुण्याच्या दमट हवेत त्याचे लाकूड फुगते, खालच्या सप्तकातल्या दोन-तीन पट्ट्या दाबल्या की वर येईनाशा होतात आणि ट्यूनरला बोलवावे लागते. एरवी एक पट्टी खाली जायला साधारण पन्नास ग्रॅम वजन पुरते. म्हणजे लहान मुलाच्या बोटाला ते सहज जमते. उघड्या रानात पावसापाण्यात पडलेल्या पियानोच्या 88 पट्ट्यांचे काय झाले असेल, याची कल्पना करा. शुहेई त्यावर बोटे ठेवतो, त्याला येते ते सगळे योग्य रीतीने करतो, आणि सूर उमटत नाही. मग काई बसतो आणि तोच पियानो बोलू लागतो. यात जादू आहे असे मुले म्हणतात, पण मला तसे वाटत नाही. जो मुलगा वर्षानुवर्षे त्याच जड पट्ट्यांवर खेळला, त्याच्या बोटांत आणि मनगटांत त्या पट्ट्यांपुरते बळ आले आहे. ती पट्टी कुठे अडते आणि किती जोर लावला म्हणजे सुटते, हे त्याला ठाऊक आहे. त्याच काईला पुढे आजिनोंनी वाजवलेला, पोलिश संगीतकार शोपँ यांचा एक वॉल्ट्झ (तीन मात्रांच्या नृत्यलयीतली रचना) काही केल्या जमत नाही आणि तो पहिल्यांदा स्वतःहून त्यांच्याकडे शिकायला जातो. बोटांच्या कंटाळवाण्या रियाजाची गरज त्यालाही पडते, हे मी मुलांना मुद्दाम दाखवते.

बहुतेक मुले काईच्या प्रेमात पडतात आणि ते साहजिक आहे. मी मात्र ही मालिका शुहेईसाठी पाहायला सांगते. माझ्याकडे येणारी जवळजवळ सगळी मुले शुहेईसारखी आहेत. त्यांच्या घरी वाद्य आहे, आई वेळेवर आणून सोडते, वहीत तालमीची वेळ लिहिलेली असते, आणि ती खरोखर मनापासून कष्ट करतात. अशा मुलाच्या आयुष्यात एक दिवस असा येतोच, की शेजारच्या खोलीतून कोणाचे तरी वादन कानावर पडते आणि आपल्याजवळ नेमके काय नाही ते त्याला त्या क्षणी लख्ख ऐकू येते. त्या मुलाने त्यानंतर काय करायचे, हे आपण कोणीच त्याला शिकवत नाही. “तू तुझ्याकडे बघ, दुसऱ्याकडे बघू नकोस” एवढे सांगून आपण मोकळे होतो. पण संगीत शिकणाऱ्या मुलाला ऐकू नकोस कसे सांगणार? ऐकायलाच तर आपण त्याला शिकवत असतो.

ही मालिका त्या मुलाची साथ सोडत नाही, आणि माझ्या दृष्टीने तिचे मोठेपण यातच आहे. जपानमधल्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत दोघेही उतरतात. शुहेईचे वादन निर्दोष होते. काई सुरुवात करतो, मध्येच थांबतो, आणि मग रानात वाजवत असे तसे आपल्या पद्धतीने पुन्हा वाजवू लागतो. श्रोते उठून उभे राहतात, पण परीक्षक काईला पुढच्या फेरीत घेत नाहीत. निवड शुहेईची होते. त्या सभागृहात काईचे वादन किती मोठे होते हे सर्वांत आधी आणि सर्वांत खोलवर ज्याला कळले, तो शुहेईच आहे, कारण त्याचा कान तयार आहे. पहिला क्रमांक हातात असताना आपण हरलो आहोत हे एकट्यालाच ठाऊक असणे, ही अकरा वर्षांच्या मुलासाठी फार मोठी शिक्षा आहे. तो वाईट मुलगा नाही. त्याचे काईवर प्रेम आहे, आणि त्याच प्रेमाच्या पोटात पुढे वर्षानुवर्षे एक गाठ वाढत जाते.

परीक्षकांचा निकाल आणि कानाचा निकाल वेगळा पडणे ही काही कथेपुरती गोष्ट नाही. मालिकेचा मोठा भाग पोलंडमधल्या वॉर्सा येथील, शोपँच्या नावाने भरणाऱ्या पियानो स्पर्धेत घडतो. ही स्पर्धा खरीखुरी आहे. 1927 साली ती सुरू झाली आणि साधारणपणे दर पाच वर्षांनी होते. 1980 मध्ये इव्हो पोगोरेलिच या तरुण पियानोवादकाला अंतिम फेरीत घेतले नाही म्हणून परीक्षक मंडळातल्या मार्था आर्गेरिच, ज्या स्वतः 1965 च्या विजेत्या होत्या, मंडळ सोडून गेल्या. त्या वर्षी पहिले आले ते व्हिएतनामचे दांग थाई सोन, ज्यांचे बालपण युद्धाच्या छायेत गेले होते. पोगोरेलिच यांची गोष्ट सांगताना लोक दांग थाई सोन यांचे नाव अनेकदा ओझरते घेतात, आणि मला ते दर वेळी खटकते. पहिल्या आलेल्या माणसालाही त्या निकालाचे ओझे वाहावे लागले असेल, याचा विचार फारसा कोणी करत नाही. पुढे ते मोठे शिक्षक झाले. 2021 चे विजेते ब्रूस लिऊ त्यांचेच शिष्य.

वॉर्सात काई आणि शुहेई तरुण म्हणून पुन्हा समोरासमोर येतात. तिथे पांग वेई नावाचा एक चिनी वादकही आहे, ज्याने आजिनोंचे वादन ऐकून ऐकून आत्मसात केले आहे. आपल्याकडे शिष्याने गुरूचा गळा उचलला म्हणतात, तसे. शुहेईच्या वडिलांविषयीही तिथे कळते, की तेही आजिनोंच्या पिढीचे होते आणि आयुष्यभर आजिनोंच्या सावलीत आपल्याला उणे लेखत राहिले. बापाची सल मुलाकडे न बोलता कशी उतरते, हे मालिका फार हळुवारपणे दाखवते, आणि दारात प्रश्न विचारणाऱ्या आईवडिलांनी मुलासोबत बसावे असे मी म्हणते ते या भागांसाठीच. शुहेई अंतिम फेरीपर्यंत पोहोचत नाही. आपण इतकी वर्षे शोपँ वाजवत नव्हतो, फक्त काईला हरवायला वाजवत होतो, हे त्याला त्या सुमारास उमगते. तो रडतो, मनातला द्वेष स्वतःशी कबूल करतो, आणि मगच त्याला काईचे वादन पुन्हा पूर्वीसारखे ऐकता येते. अशी कबुली मी मुलांना दाखवण्याजोग्या दुसऱ्या कोणत्या मालिकेत पाहिलेली नाही.

मित्र एकाच मंचावर उतरले की नाते तुटतेच, असेही नाही. या मालिकेसाठी ज्या तरुण पियानोवादकांनी ध्वनिमुद्रण केले, त्यांत क्योहेई सोरिता होते. पुढे 2021 मध्ये (ती स्पर्धा 2020 ची होती, पण करोनाच्या साथीमुळे वर्षभर पुढे गेली) ते खरोखरच वॉर्साच्या अंतिम फेरीत उतरले, आणि त्याच फेरीत त्यांना लहानपणापासून ओळखणाऱ्या आइमी कोबायाशीही होत्या. सोरिता यांना दुसरा आणि कोबायाशी यांना चौथा क्रमांक मिळाला, दोन्ही विभागून. नंतर दोघांनी लग्न केले.

मालिकेत उणिवाही आहेत. वादनाच्या प्रसंगी संगणकावर घडवलेल्या आकृत्या वापरल्या आहेत. बोटे सुरांशी बरोबर जुळतात, पण देह ताठर वाटतात, आणि हाताने रेखाटलेला 2007 चा चित्रपट डोळ्यांना अधिक गोड आहे. काईच्या आईचे आयुष्य आणि ती वस्ती यांविषयी मुले प्रश्न विचारतील; उत्तर द्यायला मोठे माणूस शेजारी हवे.

एवढे सगळे लिहून झाल्यावरही मूळ कारण राहिलेच आहे. मी स्वतः शुहेई होते.

लहानपणी मी लष्कर भागातल्या एका वयस्क बाईंकडे शिकायला जात असे, आणि माझ्या आधीची वेळ माझ्याच वर्गातल्या मैत्रिणीची होती. माझ्या घरी पियानो होता. तिच्या घरी आजोबांची पेटी होती. ती उजव्या हाताचा भाग पेटीवर बसवायची आणि डाव्या हाताने भाता ओढायची. डाव्या हाताचा भाग मग खिडकीच्या कट्ट्यावर, आवाजाशिवाय. मी तिच्या घरी जायचे तेव्हा काकू पोहे करत असायच्या आणि ही कट्ट्यावर डाव्या हाताची बोटे वाजवत तोंडाने सूर म्हणत असायची. भात्याच्या सवयीमुळे तिच्या वाजवण्यात एक गोष्ट आपोआप आली होती: प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वास संपत आल्यासारखा सूर मऊ होत जाई. मला बाईंनी ते पेन्सिलीने खुणा करकरून शिकवले होते, तरी ते मला जमत नव्हते.

आम्ही दोघी तेरा वर्षांच्या असताना एका स्पर्धेत उतरलो. सगळ्यांना एकच रचना होती, क्लेमेंटी या संगीतकाराची सी मेजरमधली सोनाटिना (तीन छोट्या भागांची रचना), ओपस 36 या संचातली पहिली. दुसऱ्या भागात डाव्या हातात तीन-तीन सुरांच्या लाटा संथपणे चालू असतात आणि उजवा हात त्यावर गातो. तिने तो भाग ठरलेल्या लयीपेक्षा बराच संथ वाजवला. सभागृहाच्या बाजूच्या खोलीत, माझी वेळ यायची वाट पाहत, मी पडद्याआडून तो ऐकला आणि माझे हात गार पडले. ढाल मला मिळाली. तिच्या कागदावर लय चुकल्याचा शेरा होता. तिने येऊन माझे अभिनंदन केले आणि मी “थँक्यू” म्हणाले. दुसरे काहीही म्हणाले नाही. दहावीनंतर तिची शिकवणी सुटली, मग ते शहरही सुटले, आणि माझी ढाल आईने काचेच्या कपाटात ठेवली.

ही मालिका मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा शुहेईच्या रडण्यापाशी मला ती थांबवावी लागली. काही दिवसांनी ओळखीतून मी मैत्रिणीचा नंबर मिळवला. ती नाशिकला असते, बँकेतून लवकरच निवृत्त होणार आहे. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर मी तिला सांगितले की त्या दिवशी तू माझ्यापेक्षा चांगली वाजवली होतीस, मला ते तेव्हाच कळले होते आणि मी ते तुला सांगायला हवे होते.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मला वाटायचं, कोणालाच ऐकू आलं नाही गं.”

त्यानंतर तिने विचारले, की दुसऱ्या भागाची सुरुवात हीच ना, आणि फोनवरच गुणगुणून दाखवली. लय तेवढीच संथ होती.