परजीवीचे खरकटे

हिवतापाच्या रुग्णाच्या रक्ताची पट्टी गीम्सा रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की निळसर अंगठ्या दिसतात आणि प्रत्येक अंगठीला खडा बसवावा तसा एक लाल ठिपका दिसतो. हे लाल रक्तपेशीत नुकतेच शिरलेले परजीवी. ते वाढू लागले, की त्यांच्या पोटात तपकिरी-काळसर कण जमा होतात. शिकाऊ असताना हे कण मला न गाळलेल्या रंगाचा गाळ वाटत आणि मी चांगल्या पट्ट्या बाद करीत असे. ते परजीवीच्या जेवणाचे खरकटे आहे, हे पुढे कळले. औषधप्रतिकाराविषयी, म्हणजे परजीवी औषधाला दाद देईनासा होण्याविषयी, विचार करताना मला अजूनही तेच कण आठवतात, कारण हिवतापावरची आपली दोन मोठी औषधे परजीवीला त्याच्या ताटावरच गाठतात.

परजीवी लाल पेशीतले हिमोग्लोबिन खातो. त्यातून सुटणारा हीम हा लोहयुक्त घटक त्याच्यासाठी विषारी असल्यामुळे तो त्याचे निरुपद्रवी स्फटिक करून ठेवतो. १९३४ मध्ये बायरच्या प्रयोगशाळेत हान्स आंडरझाग यांनी तयार केलेले क्लोरोक्विन नेमकी ही स्फटिके बनू देत नाही आणि परजीवी स्वतःच्याच खरकट्याने मरतो. हीम हे परजीवीचे प्रथिन नाही, ते आपल्या रक्तातून आलेले असते; त्यामुळे जनुकात एखादा बदल करून त्याला हीम बदलता येत नाही. पिरिमेथामाइन या हिवतापावरच्या दुसऱ्या औषधाचे तसे नव्हते. ते परजीवीच्या एका विकरावर (एन्झाइमवर) काम करते आणि त्या विकरातला एकच बदल औषधाची धार बोथट करायला पुरतो. क्लोरोक्विन टिकले ते बहुधा यामुळेच. तरीही १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर आणि कोलंबियात ते फसू लागले. परजीवीने हीमला हात लावला नव्हता; पचनाच्या पिशवीच्या भिंतीतले एक वाहक प्रथिन बदलून त्याने औषध बाहेर फेकायला सुरुवात केली होती.

‘गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडू नका’ हा सल्ला योग्यच आहे, पण प्रतिकाराचे सारे खापर रुग्णाच्या माथी फोडणे मला पटत नाही. कोर्स पूर्ण घेतला, तरी क्लोरोक्विनसारखे औषध कित्येक आठवडे रक्तात मंद प्रमाणात रेंगाळते आणि त्या काळात डासाने नवे परजीवी आणले, तर त्यांतला थोडासा काटक तेवढा तगतो. कंबोडियातील पाइलिन भागात तर १९६० च्या सुमारास मिठातच हिवतापाचे औषध मिसळून लोकांना देण्यात आले होते. म्हणजे कमी मात्रा, तीही सतत आणि सर्वांना. परजीवीला सरावासाठी याहून चांगली तालीम मिळणे कठीण.

चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या चमूने १९७० च्या दशकाच्या आरंभी चीनमध्ये एका वनस्पतीतून वेगळे काढलेले आर्टेमिसिनिनही हीमच्याच आधाराने काम करते. त्यातील पेरॉक्साइडचा पूल (दोन ऑक्सिजन अणूंची जोडणी) हीममधल्या लोहाच्या संपर्कात तुटतो आणि औषध जागे होते. जेवण नाही तर हीम नाही, आणि हीम नाही तर औषध झोपलेले. पश्चिम कंबोडियातून २००८-०९ मध्ये ज्याच्या बातम्या आल्या, त्या प्रतिकाराचे मर्म इथेच आहे. के१३ या जनुकात बदल झालेला परजीवी अंगठीच्या अवस्थेत कमी खातो आणि औषधाची लाट ओसरेपर्यंत उपास काढतो. आर्टेमिसिनिन काही तासांतच रक्तातून निघून जात असल्यामुळे हा उपास त्याला परवडतो. याला ‘आंशिक प्रतिकार’ म्हणतात. रुग्णाला बरे वाटू लागलेले असते, मात्र उपचाराच्या तिसऱ्या दिवशीच्या पट्टीत दोनशे पांढऱ्या पेशी मोजता मोजता चुकार अंगठ्या अजून सापडत राहतात.

त्या उरलेल्यांचा निकाल आर्टेमिसिनिनसोबत दिलेल्या जोडीच्या औषधाने लावायचा असतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून जोडउपचाराची शिफारस केली आणि २००६ मध्ये आर्टेमिसिनिनच्या एकट्या गोळ्या थांबवण्यास सांगितले. कंबोडियात जोडीचे पायपेराक्विनही निकामी झाले, तेव्हा रुग्णांचा ताप पुन्हा उलटू लागला. आफ्रिकेत रवांडा आणि युगांडा येथे के१३ मधील बदल बाहेरून न येता तिथेच उपजले आहेत. आर्टेमेथर (आर्टेमिसिनिनचेच एक रूप) आणि ल्युमेफँट्रिन ही जोडी त्या खंडात इतकी सर्रास वापरली जाते, की ल्युमेफँट्रिन ढिले पडणे परवडणारे नाही.

दुसरीकडे मलावीचा अनुभव आहे. तिथे १९९३ मध्ये क्लोरोक्विन बंद झाले. बदललेला वाहक परजीवीलाही महागात पडत असावा, कारण औषधाचा धाक जाताच जुन्या वाणाने पुन्हा जोर धरला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्लोरोक्विन दिलेल्या ८० मुलांपैकी एकाच मुलात ते अपयशी ठरले. क्लोरोक्विनचे भावंड असलेले अमोडियाक्विन वापरले, की हा बदललेला वाहक असलेले परजीवी तगतात, तर ल्युमेफँट्रिन वापरले, की मूळ वाहक असलेले. म्हणूनच आर्टेमेथरसोबत ही दोन्ही एकत्र देऊन पाहण्याच्या चाचण्या झाल्या आहेत. अशा तिहेरी उपचारात एकाला चुकवायला गेलेला परजीवी दुसऱ्याच्या तावडीत सापडावा असा बेत असतो, फक्त आधीच मळमळणाऱ्या रुग्णाला तीन दिवस तेवढ्या गोळ्या पोटात ठेवाव्या लागतात.