कालवा इतका वाकडा?

बँकॉकहून परतलेल्या माणसाला 'काय आणलंस?' असं विचारलं की तो हमखास प्रातुनाम बाजाराचं नाव घेतो. डझनावारी टीशर्ट, चपला, पोरांच्या बॅगा, सगळं तिथलं. आमच्याबरोबरची मंडळीही रिकाम्या बॅगा घेऊन सकाळीच तिकडे रवाना झाली. आई म्हणाली, "मला काही घ्यायचं नाहीये. मला होडीत बसव."

राजवाड्याजवळच्या धक्क्यावर होडीवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी तुळशीबागेतल्या सवयीने निम्म्यावर आलो. त्याने हसून मान फिरवली. शेवटी पाऊणपटीत जमलं. तेही महागच पडलं असणार, कारण तो फारच पटकन हो म्हणाला.

या होडीला तिथे 'लांब शेपटीची होडी' म्हणतात. अरुंद लाकडी अंग, नाक वर उचललेलं आणि मागे चक्क मोटारीचं जुनं इंजिन, उघडंवाघडं, एका खुंट्यावर बसवलेलं. त्यातून निघालेला लांबच लांब दांडा पाण्यात आणि दांड्याच्या टोकाला पंखा. वेगळं सुकाणू नाहीच. होडीवाला उभा राहून अख्खं इंजिनच डावी-उजवीकडे फिरवतो. नाकाला रंगीत कापडं आणि फुलांच्या माळा बांधलेल्या, होडीची राखण करणाऱ्या 'मे या नांग' देवीसाठी. आईचं माहेर देवगडचं. होडीला हार दिसला की तिचे हात आपोआप जुळतात, तसे जुळले.

पुढे बोलायची सोयच उरली नाही. त्या इंजिनापुढे आपली रिक्षा म्हणजे भूपाळी.

चाओ फ्राया नदी ओलांडून अरुण मंदिराच्या बाजूने 'बँकॉक याई' कालव्याच्या तोंडाशी आलो आणि इंजिन बंद झालं. समोर भलामोठा लोखंडी दरवाजा. आपण आत शिरलो की मागचाही लागतो. नदीची आणि कालव्याची पातळी वेगळी, म्हणून मधल्या चौकात पाणी सारखं होईपर्यंत सगळ्या होड्यांनी गप्प उभं राहायचं. याला थाई भाषेत म्हणतात प्रातुनाम. 'प्रातू' म्हणजे दार, 'नाम' म्हणजे पाणी. शर्टांच्या त्या बाजाराचं नावही तिथल्या सेन सेप कालव्यावरच्या अशाच एका दारावरून पडलेलं. हे मी आईला ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, "मग ते सगळे बाजारात काय बघतायत? दार इथे आहे."

आत शिरल्यावर शहर एकदम खाली बसतं. पाण्यात खांब रोवून उभी लाकडी घरं, काही इतकी कललेली की शेजारचं नवं सिमेंटचं घर त्यांना धरून ठेवतंय असं वाटावं. कुंड्या, वाळत घातलेले कपडे, घराचा नंबर पाण्याकडे तोंड करून. एक आजोबा पायरीवर बसून दात घासत होते, आमच्या लाटेने त्यांची पायरी बुडाली, त्यांनी नुसते पाय वर घेतले. मला मात्र उगीच चोरट्यासारखं झालं. दुसऱ्याच्या मोरीतून होडी नेल्यासारखं.

एका पायरीवर भलीमोठी घोरपड उन्हाला पडलेली. आमच्याकडे घोरपडे हे सरदार घराणं. थायलंडमध्ये त्या जनावराचं नाव म्हणजे शिवी! पुढे जलपर्णीचे तांडेच्या तांडे वाहत आले. "ही मेली इथेही?" आई ओरडली. मुळा-मुठेच्या काठी राहणाऱ्याला हिची ओळख पटवावी लागत नाही. तिच्या थाई नावातच 'जावा' आहे, कारण 1901 साली राजघराण्याची मंडळी जावाला गेली असताना सुंदर फूल म्हणून घेऊन आली. हौसेने घरात आणलेल्या बऱ्याच वस्तूंचं असंच होतं.

मग एक बाई छोटी होडी वल्हवत आमच्या होडीला येऊन चिकटली. पंखे, टोप्या, थंड बाटल्या. मी पाणी घेतलं, तर तिने बिअरचा डबा उचलून होडीवाल्याकडे बोट दाखवलं, त्याच्यासाठीही घ्या म्हणून. आईने मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि पर्समधून शेंगदाण्याची चिक्की काढून त्याला दिली. त्याने ती खाल्ली. बिअरवाली बाई निघून गेली, जरा रागातच.

पाकनाम मंदिराची 69 मीटर उंचीची सोनेरी बुद्धमूर्ती झाडांमागून कधी डावीकडे दिसे, कधी उजवीकडे. एका देवळाच्या घाटापाशी माशांना पाव टाकायला इंजिन पुन्हा थांबलं. मासे एकमेकांच्या अंगावर चढत होते. आई पावाचे तुकडे करत म्हणाली, "अरे, पण हा कालवा इतका वाकडा कशाला खणला? आपला मुठेचा कालवा बघ कसा. खणायचंच तर कुणी सरळ खणेल ना?"

मी नकाशा उघडला आणि ओशाळलो. कारण हे मी वाचलं होतं, पण माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. हा खणलेला नाहीच. ही चाओ फ्राया आहे, मूळची. पूर्वी ती इथूनच मोठा वळसा घेऊन जायची. अयुथ्थया या तेव्हाच्या राजधानीला जाणाऱ्या गलबतांचा त्यात वेळ जाई, म्हणून 1542 च्या सुमारास राजा चैराचाने वळशाची दोन टोकं जोडणारा चर खणला. पाण्यालाही जवळची वाट आवडली. चर रुंदावत रुंदावत आजची नदी झाला आणि वळसा आटत आटत बँकॉक याई, बँकॉक नोई असे कालवे होऊन बसला. पुढे 1782 मध्ये राजा पहिला राम याने राजवाडा बांधला तो त्या चराच्या काठी. म्हणजे ज्याचे फोटो सगळे काढतात, तो शॉर्टकट.

आईने ऐकून घेतलं, उरलेला पाव पाण्यात सोडला आणि काठावरच्या एका म्हातारीला उगाचच हात केला. तिनेही केला.

बँकॉक नोईच्या तोंडातून बाहेर पडलो. बाहेर मोठं पाणी, बोटी, पलीकडे राजवाड्याची शिखरं. पहिल्याच लाटेने आम्हाला डोक्यापासून भिजवलं. आईने पदराने चष्मा पुसला, आजूबाजूला पाहिलं आणि इंजिनावर आवाज चढवून म्हणाली, "चला, आलो एकदाचे कालव्यात!"