आमचे पायरेट्स आणि १३ ऑक्टोबर

सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५
पिट्सबर्ग

अर्धी रजा टाकून दुपारी गावातल्याच ओकलंड भागात एका भिंतीपाशी जाऊन बसलो होतो. ऑफिसात खरं कारण सांगितलं तर नवीन पोरांना वाटलं मी फेकतोय. पण खरंच, तिथे फोर्ब्स फील्ड नावाचं जुनं ग्राउंड होतं, १९०९ चं, पायरेट्स, म्हणजे आमची पिट्सबर्गची बेसबॉल टीम, १९७० पर्यंत तिथेच खेळायचे, नंतर ते पाडलं आणि त्या जागी युनिव्हर्सिटीच्या बिल्डिंगा आल्या, पण आउटफिल्डच्या विटांच्या भिंतीचा एक तुकडा तेवढा राहिलाय, वेल चढलेला. तर दर १३ ऑक्टोबरला लोक घरून फोल्डिंगच्या खुर्च्या घेऊन तिथे येतात आणि १९६० च्या वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे बेसबॉलच्या फायनलच्या, सातव्या आणि शेवटच्या मॅचची रेडिओ कॉमेंट्री लावतात. अख्खी. पहिल्या बॉलपासून. म्हणजे ६५ वर्षांपूर्वीची मॅच, निकाल सगळ्यांना पाठ, आणि तरी नवातल्या आठव्या इनिंगला माणसं खुर्चीच्या कडेवर येऊन बसतात.

बायको म्हणते अरे पण तुम्हाला माहितीये ना काय होणारे. माहितीये की. म्हणूनच तर जातो, वर्षभर जे ऐकतो त्यात काय होणारे तेही साधारण माहितीच असतं, फक्त ते वाईट असतं.

त्या सिरीजचा हिशोब मला फार आवडतो. समोर न्यूयॉर्क यांकीज. त्यांनी तीन मॅच जिंकल्या त्या १६-३, १०-० आणि १२-० अशा धुवून जिंकल्या. आमच्यांनी जिंकल्या त्या कशाबशा, एक ते तीन रनांनी. सातही मॅचची बेरीज केली तर यांकीज ५५ आणि पायरेट्स २७, आणि कप पिट्सबर्गला! शेवटची मॅच नवव्या इनिंगला ९-९, बिल मॅझरॉस्की बॅटिंगला आला, जो मुळात ओळखला जायचा फील्डिंगसाठी, सेकंड बेसवरच्या हातांसाठी, आणि त्याने दुसराच बॉल डावीकडच्या भिंतीपलीकडे टाकला, होमरन, आपली सिक्सच म्हणा. यांकीजचा फील्डर योगी बेरा मान वर करून बघत राहिला, संपलं. वर्ल्ड सिरीजची सातवी मॅच अशी शेवटच्या होमरनवर संपल्याचं ते एकच उदाहरण आहे, आजतागायत. टेप अशा वेळी सुरू करतात की तो फटका बरोब्बर ३ वाजून ३६ मिनिटांनी, म्हणजे १९६० ला ज्या वेळी पडला त्याच वेळी पडावा. आणि मजा म्हणजे एवढा मोठा क्षण आणि रेडिओवरच्या चक थॉम्पसनने गडबडीत पिचरचं, म्हणजे बॉलरचं, नाव चुकीचं सांगितलं, वर स्कोअर १०-० म्हणून टाकला, मग सुधारला. मला तोच भाग सगळ्यात आवडतो. भानावर राहून कॉमेंट्री केली असती तर खोटी वाटली असती.

शेजारी एक आजोबा बसले होते, ते त्या वर्षी शाळेत होते म्हणे, शिक्षिकेने वर्गात रेडिओ लावू दिला होता. मला विचारलं तू कुठला, म्हटलं पुण्याचा, इंडिया. मग ते म्हणाले, ती दोन इंडियन पोरं आपण घेतली होती ना, ती तुमच्याकडचीच का. हा प्रश्न मला इतक्या वर्षांत इतक्या जणांनी विचारलाय की उत्तर तयार असतं: रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, २००८, दोघंही उत्तर प्रदेशचे, भालाफेकवाले, क्रिकेटवाले नाहीत, पायरेट्सनी साइन केलं पण मेन टीमपर्यंत कोणीच पोचलं नाही, रिंकू पुढे कुस्तीत गेला, टीव्हीवरच्या. आजोबांनी मान हलवली. "साउंड्स लाइक द पायरेट्स."

मी इथे आलो २००७ ला. तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, बाबा रे अमेरिकन फुटबॉल बघ, स्टीलर्स बघ, नाहीतर हॉकी बघ, बेसबॉलच्या नादाला लागू नको. सल्ला अगदी बरोबर होता. या गावात तिन्ही टीमचे रंग एकच, काळा आणि पिवळा, त्यामुळे एक जर्सी घेतली की कुठेही खपून जातं, आणि २००९ ला तर स्टीलर्सनी सुपर बोल आणि हॉकीवाल्या पेंग्विन्सनी स्टॅन्ले कप असं दोन्ही आणलं एकाच वर्षात. त्याच वर्षी आमच्यांनी पण रेकॉर्ड केलं. सलग सतरावा सीझन जिंकण्यापेक्षा हरलेल्या मॅच जास्त, अमेरिकेतल्या कुठल्याच मोठ्या लीगमध्ये तेव्हापर्यंत कोणालाच जमलं नव्हतं. मग थांबले नाहीत, वीसपर्यंत नेलं, १९९३ ते २०१२.

मग मी का लागलो नादाला? फुटबॉल आठवड्यातून एकदा असतं. बेसबॉल रोज. एप्रिल ते सप्टेंबर १६२ मॅच, सोमवारी हरले तर मंगळवारी पुन्हा आहेच, आणि नवीन गावात एकटा राहणाऱ्या माणसाला संध्याकाळी सात वाजता घरात कोणीतरी बोलणारं लागतं. मी रेडिओच लावायचो, अजूनही लावतो, भाजी चिरताना मॅच बघता येत नाही पण ऐकता येते. नंतर कळलं की रेडिओवर बेसबॉल पहिल्यांदा ऐकवलं गेलं तेच मुळी इथून, ५ ऑगस्ट १९२१, केडीकेए स्टेशन, याच फोर्ब्स फील्डवरून, पायरेट्स विरुद्ध फिलाडेल्फियाचे फिलीज. म्हणजे माझी सवय जुन्या पद्धतीची आहे असं बायको म्हणते ते चूक नाही, फक्त ती पद्धत इथलीच आहे.

आणि खरं सांगायचं तर हरणाऱ्या टीमचं ट्रेनिंग माझं पुण्यातच झालं होतं. मुंबईवाल्यांना हे कळणार नाही, बेचाळीस रणजी आहेत त्यांच्याकडे, ते आमचे यांकीज. आम्ही महाराष्ट्रवाले. महाराष्ट्राने शेवटची रणजी जिंकली १९४०-४१ ला, माझ्या बाबांच्या जन्माआधी. बाबा मला नेहरू स्टेडियमला घेऊन जायचे, स्टँड रिकामा, डब्यात पोळीभाजी, आणि टीम हरायला लागली की ते भाऊसाहेब निंबाळकरांचे ४४३ सांगायला घ्यायचे. १९४८, पूना क्लब, ब्रॅडमनच्या ४५२ ला फक्त नऊ कमी, आणि समोरची काठियावाडची टीम मॅच सोडून निघून गेली. मला ती गोष्ट इतकी पाठ की मी तिथे हजर होतो असं वाटायचं. १९९२-९३ ला फायनलला गेलो, पंजाबकडून हरलो. २०१३-१४ ला केदार जाधवने सीझनमध्ये १२२३ रन केले, पुन्हा फायनल, कर्नाटककडून हरलो.

गंमत बघा, १९९२ च्या ऑक्टोबरमध्येच इकडे पिट्सबर्गचं वाटोळं झालं. वर्ल्ड सिरीजमध्ये जायला एक मॅच, अटलांटात, शेवटच्या इनिंगला २-० पुढे, आणि हरले ३-२. निर्णायक रन काढणारा सिड ब्रीम हा आधी पायरेट्सचाच प्लेअर, गुडघे गेलेले, धावायला टीममधला सगळ्यात स्लो म्हणावा असा, तो सेकंड बेसवरून पळत सुटला आणि आमच्या बॅरी बॉन्ड्सचा थ्रो येईपर्यंत घसरत पोचला. मी तेव्हा पुण्यात शाळेत होतो, बेसबॉल कशाशी खातात माहीत नव्हतं. पण आज कोणी त्याचं नाव काढलं की माझंही तोंड आंबट होतं, आणि नुसतं दाखवायला नाही, खरंच होतं. हे कधी झालं, कुठल्या वर्षापासून, ते मला सांगता येणार नाही.

आता जिंकल्याची पण एक आठवण लिहितो, नाहीतर वाटेल आम्ही नुसतेच रडतो. १ ऑक्टोबर २०१३. एकवीस वर्षांनी पहिली प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरची बाद फेरीची, मॅच, सिनसिनाटी रेड्सविरुद्ध, एका मित्राकडे जास्तीचं तिकीट होतं. अख्खं स्टेडियम काळे कपडे घालून आलेलं. त्यांचा पिचर जॉनी क्वेटो, लोकांनी त्याचं नाव सुरात ओढून चिडवायला सुरुवात केली, क्वेऽऽटो, क्वेऽऽटो, आणि त्याच्या हातातून बॉल सटकून खाली पडला, आणि पुढच्याच बॉलवर आमच्या रसेल मार्टिनने होमरन मारला. मी शेजारच्या अनोळखी ट्रकवाल्याला मिठी मारली, त्याची बिअर माझ्या जॅकेटवर सांडली, कोणाला काही पडलं नव्हतं. ६-२ जिंकलो. पुढच्या राउंडला सेंट लुईसने घरी पाठवलं. २०१४ ला एकाच मॅचमध्ये बाहेर, २०१५ ला ९८ मॅच जिंकून पुन्हा एका मॅचमध्ये बाहेर. त्यानंतर प्लेऑफ नाही. २०१८ च्या जानेवारीत टीमचा लाडका प्लेअर अँड्र्यू मॅकचन याला दुसऱ्या टीमला देऊन टाकला तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती, रडली, २०२३ ला तो परत आला तेव्हा तिने खांदे उडवले. चौदा वर्षांची झाली होती ना.

तिला बेसबॉलपेक्षा आताचं ग्राउंड आवडतं, आणि त्यात तिचं चूक नाही, नदीकाठी आहे, समोर डाउनटाउन, पिवळा क्लेमेंटे ब्रिज. उजवीकडची भिंत २१ फूट उंच कारण पायरेट्सच्या रॉबर्टो क्लेमेंटेचा नंबर २१. त्याच्यावर तिने शाळेत प्रोजेक्ट केलं होतं, बरोब्बर ३००० हिट आणि मग १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन निघालेलं विमान समुद्रात पडलं, तो गेला. बाहेरचं खाणं आत नेऊ देतात, म्हणून आमच्याकडे ठेपले आणि चिवडा. मध्येच पिरोगींचा वेष घातलेली माणसं पळण्याची शर्यत लावतात, पिरोगी म्हणजे बटाट्याचं सारण भरलेली उकडलेली करंजीच, आणि आई इकडे आली होती तेव्हा तिला सगळ्या मॅचमध्ये तेवढंच कळलं आणि तेवढंच आवडलं.

यंदा ७१ जिंकल्या, ९१ हरलो. एप्रिलमध्ये पहिल्याच होम मॅचला लोक "सेल द टीम" ओरडत होते, मालकाला उद्देशून, मी पण ओरडलो, घसा बसेपर्यंत. मे मध्ये मॅनेजर बदलला, नवीन डॉन केली हा पिट्सबर्गचाच, तरी काय. आणि त्याच टीममध्ये पिचर पॉल स्कीन्स! १.९७ ची सरासरी, म्हणजे नऊ इनिंगला दोन रनसुद्धा देत नाही, २१६ बॅटर बाद केले नुसत्या स्ट्राइकआउटवर, आणि त्याच्या खात्यावर १० विजय, १० पराभव. दोन रन करा रे त्याच्यासाठी! साय यंग अवॉर्ड, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचं बक्षीस, त्यालाच मिळेल असं सगळे म्हणतायत.

ऑफिसातला एक आपलाच मराठी मुलगा, कोथरूडचा, दोन वर्षं झाली येऊन, परवा म्हणाला पायरेट्स म्हणजे जोक आहे राव. मला असा राग आला. त्याला म्हटलं आधी एक आख्खा ऑगस्ट ऐक, मंगळवारची मॅच, पाऊस पडून दीड तास थांबलेली, ७-१ ने मागे, आणि तरी रेडिओ बंद केला नाहीस की मग बोल. जोक आहेच, पण तो आम्ही करायचा.

संध्याकाळी घरी आलो तर आईचा फोन, तिकडे पहाट, दिवाळी आठवड्यावर आली, भाजणी दळून आणलीस का विचारत होती. नाही आणली. कुठे होतास, तर म्हटलं मॅच ऐकत होतो. कोण जिंकलं? म्हटलं आपण. बरं झालं म्हणाली, कधीतरी.

मग जेवताना पुढच्या वर्षीच्या तिकिटांचा विषय काढला, काही मॅचचं पॅकेज घ्यावं म्हणून. मुलगी बारावीला, पुढच्या ऑगस्टला कॉलेजला बाहेर जाणार, तिचं म्हणणं बाबा फक्त स्कीन्स पिच करणार असेल त्याच दिवशीची घे ना, बाकीच्याला कशाला पैसे. म्हटलं असं नसतं. मग कसं असतं, ती म्हणाली, आणि शिवाय तो २०२९ नंतर जाणारच आहे यांकीजकडे नाहीतर डॉजर्सकडे, तूच म्हणतोस. तसं मी म्हणतो खरं. पण मी म्हटलेलं वेगळं, असं काहीतरी बोलून मी वाढून घेतलं आणि एप्रिलमधल्या मंगळवारच्या मॅच बघायला लागलो, त्या दिवशी स्वस्त असतात.