आईच्या तोंडाचा कॅन्सर: दाताच्या डॉक्टरपासून टाटापर्यंत काय काय करावं लागलं

आईचं ऑपरेशन झाल्यापासून आमच्या देवगडकडच्या कुणाचा ना कुणाचा फोन येतच असतो, तुझ्या आईचं काय कसं केलंत, आमच्या काकीच्या तोंडात पण काहीतरी आलंय, डायरेक्ट टाटाला जाऊ का, बायोप्सी केली, म्हणजे तुकडा काढून तपासला, की पसरतो म्हणतात ते खरं का. तेच तेच सांगून घसा बसतो म्हणून एकदाच लिहून काढते. मी डॉक्टर नाही, कणकवलीत नोकरी करते, जे काही कळलं ते आईची फाइल घेऊन फिरताना आणि डॉक्टरांचं डोकं खाऊन खाऊन.

आधी मशेरीचं सांगते. आमच्याकडच्या बायकांना मशेरी म्हणजे तंबाखू वाटतच नाही. तंबाखूच तव्यावर करपवायची, चुरून काळी पूड करायची आणि सकाळी उठल्यावर, जेवल्यावर, दुपारी पडायच्या आधी बोटाने हिरड्यांना लावायची. आशाताई तो तीस वर्षांवरच्यांचा फॉर्म भरायला घरी आली होती, त्यात तंबाखूचा प्रश्न असतोच, आणि आई ठामपणे नाही म्हणाली. मी नंतर विचारलं तर म्हणे, "मी खंय तंबाखू खातंय, मशेरी लावतंय फक्त." सुपारीचंही तसंच. सुपारी तर बागेतली, घरची, तिने काय होतंय! पण तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा कॅन्सरला कारण होते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेने २००४ मध्येच ते जाहीर केलंय. महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ ची, पण मशेरी घरातल्या तव्यावर होते, तिला कोण बंदी घालणार.

आईला डाव्या गालाच्या आत, खालच्या दाढेच्या बाजूला, बरोबर जिथे ती मशेरी धरून ठेवायची तिथे आधी पांढरट चट्टा होता आणि मग त्याच्यातच जखम झाली. "दुखना नाय, खुपना नाय, कित्याक जावचा डॉक्टराकडे?" हे तिचं म्हणणं, आणि गावातल्या सगळ्यांचं हेच असतं, पण खरी गोम इथेच आहे. उष्णतेने तोंड येतं ते झणझणतं आणि आठ-दहा दिवसांत जातं, हा प्रकार सुरुवातीला दुखत नाही म्हणूनच वाढत राहतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पूर्वीसारखं न उघडणं, मानेत गाठ, यातलं काहीही असेल तर दाखवायचं, दुखायची वाट बघत बसायचं नाही.

कणकवलीच्या डेंटिस्टनी बॅटरीने बघितलं, मग ग्लोव्ह घालून बोट आत आणि अंगठा बाहेर असा तिचा गाल चिमटीत धरून हळूहळू चाचपला, माझा पण हात बाहेरून तिथे लावून दाखवला, कड एकदम टणक लागत होती. जवळच्या दाढेचं टोक लागत होतं ते घासून दिलं, मशेरी बंद करायला सांगितली आणि म्हणाले दोन आठवड्यांत भरलं नाही तर तुकडा काढायचा. भरलं नाही.

आता बायोप्सीचं. आमच्या एका नातेवाइकांनी आईला इतकं घाबरवलं होतं की सुरी लागली की उधळतो, त्यापेक्षा अमक्याचा लेप लाव, दगडासारखी गाठ पण जाते. डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले बायोप्सीने कॅन्सर पसरत नाही, लेप लावत बसण्यात जे महिने जातात त्यात पसरतो, आणि तोंडाच्या कॅन्सरमध्ये तुकडा तपासल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशनला हात घालत नाहीत. जागा बधिर करून जखमेच्या कडेचा एवढासा तुकडा काढला, आई तासाभरात घरी, दुसऱ्या दिवशी गार पेज प्यायली. रिपोर्ट आला स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, मॉडरेटली डिफरन्शिएटेड, म्हणजे तोंडाच्या आतल्या अस्तराच्या पेशींचा कॅन्सर, पेशी मध्यम बिघडलेल्या.

तो कागद वाचून दादा फोनवर विचारतोय कुठली स्टेज, आणि मला स्टेज सापडेना, कारण ती त्यात नसतेच. आम्हाला हे नीट समजायला वेळ लागला म्हणून सविस्तर सांगते. बायोप्सी फक्त एवढंच सांगते की हा कॅन्सर आहे का आणि कोणत्या पेशींचा, आणि त्या पेशी दिसायला किती बिघडल्यात, त्याला ग्रेड म्हणतात. तो कुठवर गेलाय हे स्कॅनवरून कळतं, ती अंदाजाची स्टेज. आणि पक्की स्टेज ऑपरेशनमध्ये काढलेलं सगळं लॅबमध्ये तपासल्यावरच. तीन रिपोर्ट, तिघांचे प्रश्न वेगळे, आणि एकाचं उत्तर दुसऱ्यात शोधायला गेलं की माणूस उगाच वेडा होतो.

मुंबईला निघायच्या आधी एक काम जरूर करा, जिथे बायोप्सी झाली त्या लॅबमधून नुसता रिपोर्ट नाही तर स्लाइड (तुकड्याचा पातळ काप लावलेली काचपट्टी) आणि ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे तो तुकडा मेणात बसवलेला असतो, नखाएवढा काहीतरी पिवळट डाग आत दिसतो, वर पेन्सिलीने नंबर. टाटामध्ये त्यांचे पॅथॉलॉजिस्ट तो स्वतः परत बघतात, बाहेरच्या रिपोर्टवर थेट उपचार सुरू करत नाहीत. आमच्या शेजारच्या बाकावर सावंतवाडीचे एकजण होते, त्यांना ब्लॉकसाठी परत माणूस पाठवावा लागला.

कोकणकन्याने गेलो, पहाटे दादरला उतरलो आणि तिथून टॅक्सीने परळ. टाटा मेमोरियल १९४१ चं हॉस्पिटल, १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे, आणि गर्दी म्हणजे अख्ख्या देशातली, आसाम बिहार बंगाल सगळीकडचे लोक फुटपाथपासूनच दिसायला लागतात. पहिल्यांदा फाइल काढायची, त्यात जनरल की प्रायव्हेट विचारतात, डॉक्टर तेच असतात, खर्चात आणि सोयीत फरक असतो. फाइलचा नंबर पाठच करा, पुढे सगळीकडे नावाच्या आधी तोच विचारतात.

सीटी स्कॅनला एक गंमत झाली. टेक्निशियन आईला सांगतोय गाल फुगवून धरा, आणि आईला वाटलं तो चेष्टा करतोय. खरं कारण असं की गाल आणि हिरडी एकमेकांना चिकटलेली असली की स्कॅनमध्ये जखम नेमकी कुणाची ते कळत नाही, हवा भरली की वेगळी दिसतात. बाहेर आल्यावर म्हणाली, "ह्या वयात माका फुगो करूक लावलो."

मग सर्जन, रेडिएशनवाले आणि केमोवाले असे एकत्र बसून फाइल बघतात, त्याला जॉइंट क्लिनिक म्हणतात. तिथे ठरलं आधी ऑपरेशन, अंदाजाने दुसरी स्टेज. गालाबरोबर डाव्या मानेतल्या गाठीही काढणार म्हणाले, म्हणजे लसिका ग्रंथी, त्या सगळ्यांच्याच मानेत असतात. मी म्हटलं, मानेत तर हाताला काही लागत नाही, स्कॅनमध्येही नाही, मग मान कशाला कापायची? डॉक्टरांनी सांगितलं की डोळ्याला न दिसणारा कॅन्सर गाठीत असू शकतो आणि यावरचा मोठा अभ्यास टाटातच झालाय. नंतर मी शोधून वाचला, २०१५ मध्ये छापून आलेला, लवकरच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये सुरुवातीलाच मानेच्या गाठी काढलेल्यांपैकी ८० टक्के लोक तीन वर्षांनी हयात होते, आणि गाठ दिसेपर्यंत थांबून मग काढलेल्यांमध्ये ६७.५ टक्के. त्यानंतर आम्ही घरात वाद घातला नाही.

ऑपरेशनच्या आधी आईच्या मनगटावर दोन्ही बाजूंनी दाबून, तळहात पांढरा पडल्यावर एक बाजू सोडून रंग परत येतो का बघत होते. गालाचा जो भाग जाणार तिथे डाव्या हाताची कातडी रक्तवाहिनीसकट काढून बसवायची होती, म्हणून दुसऱ्या वाहिनीवर हात तगतो का त्याची ती परीक्षा. हाताला मांडीची कातडी लावतात. म्हणजे जखम गालात आणि पट्ट्या मान, हात, मांडी सगळीकडे, हे आधी कळलं होतं म्हणून बरं, नाहीतर तिला बघून वहिनी तिथेच पडली असती. पहिले काही दिवस नर्स सारख्या येऊन बॅटरीने आतल्या कातडीचा रंग बघायच्या, काळीनिळी पडली तर लगेच परत आत न्यावं लागतं. नाकातून नळी, त्यातून सगळं पातळ करून गाळून द्यायचं. उकड्या तांदळाची पेज मी इतकी गाळली असेन की विचारू नका, गाळणीत एक शीत राहिलं तरी नळी तुंबते.

पक्का रिपोर्ट आला तेव्हा धक्का बसला, जखमेची खोली ७ मिलिमीटर, कडा स्वच्छ, म्हणजे कापलेल्या कडेला कॅन्सर नाही, पण मानेतल्या एका गाठीत कॅन्सर निघाला. म्हणजे दुसरीची तिसरी स्टेज झाली. घरात रडारड, की चार आठवड्यांत वाढला, ऑपरेशनने वाढला. तसं नाही ते. तो आधीपासून होता, फक्त आता सापडला, आणि काढूनही झाला. जी मान कापू की नको म्हणून मी विचारत होते त्याच मानेत. गाठीचं कवच फोडून बाहेर आला नव्हता आणि कडाही साफ होत्या म्हणून केमो नाही लागली, फक्त रेडिएशन. यात लोकांचा भलता गोंधळ असतो, कॅन्सर म्हटलं की केमोच, केस जाणारच असं धरून चालतात. ओपीडीत अलिबागकडची एक ताई भेटायची, तिला स्तनाचा कॅन्सर, तिला उलट आधी केमो देऊन गाठ लहान करून मग ऑपरेशन करणार होते, आणि तिच्या तुकड्यावर हार्मोनच्या आणि हर-टू नावाच्या प्रथिनाच्या तपासण्या होत्या ज्या आईच्या रिपोर्टमध्ये कुठेच नव्हत्या. कॅन्सर एकच रोग समजून एकाचं औषध दुसऱ्याला विचारू नका.

रेडिएशन सोमवार ते शुक्रवार, तीस वेळा, सहा आठवडे. त्याच्या आधी दात तपासून खराब दाढा काढून टाकतात, कारण रेडिएशननंतर दाढ काढली तर जबड्याचं हाड भरून न येता सडू शकतं. मग मास्क बनवतात, एक जाळीचा प्लास्टिकचा पत्रा गरम पाण्यात टाकला की पापडासारखा लुळा होतो, तो तोंडावर ताणून बसवतात आणि पाच-दहा मिनिटांत त्याच आकाराचा कडक होतो. रोज तोच घालून टेबलाला अडकवतात म्हणजे डोकं हलणार नाही. मशीन लावताना काही दुखत नाही. दुखणं येतं तिसऱ्या आठवड्यापासून, तोंडभर फोड, चव गायब, थुंकी चिकट, मानेची कातडी काळी. मीठ-सोड्याच्या पाण्याने दिवसातून कितीदा तरी गुळण्या. सोलकढी पिऊ का म्हणून ती रोज विचारायची आणि एकदा दादाने कौतुकाने दिली तर किंचाळली, आंबट तिखट तेव्हा लागूच द्यायचं नाही. वजन घटू द्यायचं नाही एवढंच डॉक्टर सारखे बजावतात.

तोंड उघडायचा व्यायाम मात्र कुणी मनावर घेत नाही. आईस्क्रीमच्या चपट्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि आठवड्याने एक वाढवायची, नाहीतर जबडा आखडतो तो कायमचा. आई मालिका बघताना काड्या धरून बसायची. खांद्याचा व्यायामही तसाच, मानेच्या ऑपरेशनने हात वर जायला त्रास होतो.

पैशाचं थोडक्यात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रेशनकार्ड आणि आधार लागतं, ऑपरेशनच्या आधी मंजुरी घ्यायची असते, नंतर नाही. आईच्या रेशनकार्डावर नावापुढे बाई होतं आणि आधारवर नव्हतं, तेवढ्यावरून गावाला जाऊन कागद करून आणावे लागले, तर हे घरूनच बघून निघा. रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचाराला जाता-येताना स्लीपर आणि थ्री टायर एसीचं तिकीट माफ आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट, हॉस्पिटलचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. आम्ही दादाकडे डोंबिवलीला राहिलो, ज्यांचं मुंबईत कोणी नाही ते दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते का बघतात.

या सगळ्यात मी आणि वहिनीने आपली तपासणी करून घेतली. बायकांमध्ये आपल्या देशात स्तनाचा कॅन्सर पहिला आणि गर्भाशयाच्या मुखाचा दुसरा, आणि तो दुसरा तर कॅन्सर व्हायच्या कितीतरी वर्षं आधी पकडता येतो. व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड लावून एक मिनिट थांबतात, पांढरा डाग उठला तर पुढे तपासतात, नाहीतर झालं. लाज वाटते खरी, पण काम दोन मिनिटांचं. भाचीला एचपीव्हीची, म्हणजे या दुसऱ्या कॅन्सरला कारण होणाऱ्या विषाणूची, लस दिली, ती नऊ ते चौदा वयात दिलेली सगळ्यात चांगली.

आता आई बांगडा खाते, काटे काढून, मसाला बेताचा. मशेरी सुटली, पण पहिले काही महिने चिडचिड इतकी की बाबा अंगणातच बसायचे. पहिली दोन वर्षं परत उलटायची भीती जास्त म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी बोलावतात. मानेला रेडिएशन झालं की थायरॉइड मंदावू शकतो म्हणून टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, पण बघत राहायचं. पुढची तारीख गणपतीनंतरची आहे, टीएसएच इथेच कणकवलीत करून नेणार, आणि रेल्वेचा फॉर्म संपलाय तो या खेपेला नवीन सही करून आणायचाय.