दात्याचं नाव

लॉस एंजेलिसच्या एका अर्काइव्हमध्ये मी दिवंगत कलाकारांचे कागद लावते. बराचसा वेळ गंजलेल्या पिना काढण्यातच जातो. पण मध्यंतरी ईस्ट एल.ए.हून आलेलं एक खोकं काही केल्या डोक्यातून जात नाही.

घेऊन आल्या होत्या सत्तरी ओलांडलेल्या एक बाई. त्यांचा भाऊ चिकानो, म्हणजे मेक्सिकन मुळांचा अमेरिकन, चित्रकार, गे. एड्सने गेला. खोक्यात चित्र एकही नाही. झेरॉक्स, रबरी शिक्के, पोस्टकार्डं आणि ढीगभर पाकिटं.

सत्तरच्या दशकात मोठ्या गॅलऱ्या अशा गे चिकानो मुलांना विचारत नव्हत्या आणि खुद्द चिकानो चळवळीतही त्यांच्याविषयी अवघडलेपण होतं. मग त्यांची कला टपालाने फिरायची. त्यांच्यातल्याच टेडी सँडोव्हालने इथल्या सिल्व्हर लेक भागातल्या एका गे बारचं नाव घेऊन ‘बुच गार्डन्स स्कूल ऑफ आर्ट’ काढलं, निव्वळ कागदावरचं. जोई टेरिलने 1978-79च्या सुमारास ‘होमबॉय ब्युटिफुल’ हे मॅगझिन काढलं. 2017 साली वेस्ट हॉलीवूडमध्ये या सगळ्या गोतावळ्यावर प्रदर्शन झालं, त्याला नाव दिलं होतं त्यांच्यातल्याच मुंडो मेझा या चित्रकाराचं. तो 1985 साली एड्सने गेला, तिशीही न गाठता. त्याची कितीतरी चित्रं आज सापडत नाहीत.

अशा कामात पाकीट हीच कलाकृती असते. आमच्याकडे पूर्वी कुणीतरी एका संग्रहातली पत्रं ठेवून पाकिटं काढून टाकली. टपालाचा शिक्का, तारीख, कुणी कुणाला पाठवलं, सगळं गेलं. त्याचा राग मला अजून आहे.

या खोक्यात भावाने स्वतःचा चेहरा काचेवर टेकवून काढलेली एक झेरॉक्स होती, विनाइल प्लास्टिकच्या जुन्या फोटो अल्बमच्या कप्प्यात. वर्षानुवर्षांत टोनर, म्हणजे झेरॉक्सची शाई, प्लास्टिकला चिकटला होता. ओढलं तर कागद हातात येतो आणि डोळे, ओठ प्लास्टिकवर राहतात. मी कप्पा तीन बाजूंनी कापला, मागची बाजू मोकळी केली, पातळ स्पॅच्युला कडेने जेमतेम नखभर सरकवला आणि थांबले. चेहऱ्यावरचं प्लास्टिक तसंच ठेवलं. वरिष्ठांना काम अर्धवट वाटलं. मला ते पूर्ण वाटतं.

मग दानपत्र भरायला बसलो. बाई म्हणाल्या, “त्याचं नाव पूर्ण लिही. मधलंसुद्धा. आजार कुठला तेही लिही. माझं मात्र कुठेच नको.” चर्चमधले लोक, सुना, नातवंडं. मी समजावून पाहिलं. आईवडिलांनी बाकी सगळं कचऱ्यात टाकलं, तेव्हा हे खोकं बाईंनी सासरी नेऊन लपवलं होतं. टपालाने विणलेलं हे जाळं कुणामुळे उरलं, हेही इतिहासात यायला नको का?

“निदान ‘बहिणीने जपलं’ एवढं लिहू?”

“त्याला एकच बहीण होती,” त्या म्हणाल्या आणि सही करून उठल्या.

दात्याची इच्छा मोडता येत नाही आणि ती मोडावी असं मला वाटतही नाही. अनामिक दाता असं लिहायची सोय आहे, तेही मी सुचवलं होतं. पण वरिष्ठांना रकान्यात काहीतरी ‘नेहमीचं’ हवं होतं. शेवटी कॅटलॉगमध्ये छापलं गेलं: ‘कुटुंबीयांकडून प्राप्त’. ज्यांनी त्याची चित्रं फेकली, त्यांनाही त्या दोन शब्दांत श्रेय मिळालंय. ते बदलून घ्यायला मी पुन्हा अर्ज केलाय.