आमची वाटचाल : थंडीतला सोडा

अप्पांनी बेळगावच्या शहापुरात सोड्याचा कारखाना काढला तो 1978 साली. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड, हातानं फिरवायचं एक मशीन, गॅसची दोन सिलिंडरं आणि गोटीच्या बाटल्यांचे लाकडी खोके. ती बाटली हायरम कॉड नावाच्या इंग्रजाची, पेटंट 1872 चं. मला लहानपणी ती अप्पांचीच युक्ती वाटायची. बाटली उलटी धरून भरायची, की आतल्या दाबानं गोटी मानेतल्या रबरावर घट्ट बसते. रबर झिजलं की गॅस गेला आणि गिऱ्हाईकही गेलं. धंद्याचं निम्मं ज्ञान एवढंच.

उरलेलं निम्मं हवामानाचं. गार पाण्यात गॅस चांगला मुरतो. म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, बेळगावात सकाळी तोंडातून वाफ निघते तेव्हा, आमचं मशीन सगळ्यात खुशीत चालतं. आणि नेमकं तेव्हाच कुणाला सोडा नको असतो. चार महिने कमवायचं, आठ महिने खोके मोजायचे. 1993 नंतर पेठेत बड्या कंपन्यांच्या बाटल्या वाढल्या, मग प्लास्टिक आलं. आम्ही मसाला सोडा आणि लग्नाच्या ऑर्डरींवर तग धरला. त्यावर जास्त लिहीत नाही, प्रत्येक सोडावाल्याची तीच रड आहे.

आमची गाडी वेगळ्या वाटेला लागली ती एका बियरच्या बाटलीमुळे. घर माळकरी, त्यामुळे हे लिहिताना अजून जरा जड जातं.

भाचा सिअ‍ॅटलला असतो. 2019 च्या नाताळात आला तो कपड्यांच्या घडीत एक बाटली घेऊन. "मामा, थंडीत माल खपत नाही म्हणता ना? हे लोक खास थंडीसाठीच करतात बघा." अलास्कातल्या जुनो गावच्या ब्रुअरीचं विंटर एल. अप्पांनी बाटलीला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, म्हणून आम्ही शेडमध्ये खोक्यावर बसलो. आता एल म्हणाल तर आमच्या जुन्या लेबलावर अप्पांनीच 'जिंजर एल' छापलेलं होतं. निम्म्या लोकांना ते 'आलं' वाटायचं, आणि आम्हीही कधी दुरुस्त केलं नाही. खरं एल म्हणजे बार्लीला मोड आणून, भाजून, जरा उबेत आंबवलेली बियर.

फ्रीजमधून काढल्या काढल्या घोट घेतला तर नुसतं गोडसर-कडू. मी तोंड वाकडं केलं. भाचा म्हणाला, "थांबा की जरा, गारपणा मोडू दे." दहा मिनिटांनी त्याच ग्लासातून वेगळंच काही यायला लागलं. रंग तांब्याचा. आधी काकवीसारखा दाट गोडवा. मग लिंबाचं पान चुरगाळल्यासारखा वास, आणि घोट गिळून झाल्यावर, कैरीचं देठ मोडलं की चिकाचा येतो ना, तसा उग्र, हिरवा वास नाकात मागून वर चढला. कडवटपणा होता, पण त्यामुळेच गोडी जिभेला चिकटून राहत नव्हती. बर्फ न घालता प्यायचं पेय असंही असतं, हे चाळीस वर्षं सोड्यात काढलेल्या घरातल्या माणसाला तेव्हा कळलं.

तो वास सिट्का स्प्रूसच्या कोंबांचा. स्प्रूस हे थंड मुलखातलं सूचिपर्णी झाड; वसंतात फांद्यांच्या टोकांना पोपटी, मऊ पालवी फुटते, ती हातानं खुडून उकळीत घालतात. या कोंबांत क जीवनसत्त्व असतं, म्हणून जुन्या काळी खलाशांना स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्व कमी पडून होणारा रोग, होऊ नये यासाठी स्प्रूसची बियर करत. कॅप्टन कुक या इंग्रज दर्यावर्दीनं 1773 मध्ये न्यूझीलंडच्या डस्की साउंड खाडीत ती केली. तिथं स्प्रूस नव्हताच. त्यानं तिथल्या रिमू झाडाची पानं घेतली, ती फार तुरट लागली म्हणून मानुका नावाच्या झुडपाची पानं मिसळली, आणि काकवी घातली. भाच्यानं हे सांगितलं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. कुकला दुसरं झाड चालतं, तर आपल्याला का नको? दारू आम्हाला करायची नव्हती, पण तो वास हवा होता.

बऱ्याच पानाफुलांनंतर तिरफळावर आलो. घाटातलं काटेरी झाड, कोकणात बांगड्याच्या आमटीत याचंच फळ घालतात. वाळलेल्या फळातलं काळं बी टाकून द्यायचं, टरफल ठेवायचं. त्याला संत्र्याच्या सालीचा आणि ओल्या लाकडाचा वास एकत्र येतो. गुळाच्या पाण्यात उकळून, मिरी घालून, पहिल्या बाटल्या भरल्या. अप्पांनी हुंगून विचारलं, "खोकल्याचं काय?" बायको सावंतवाडीची, लग्नानंतर मासळी सुटलेली. तिनं एक घोट घेतला आणि गप्प झाली. मग म्हणाली, "सगळं बरोबर आहे, बांगडा तेवढा राहिला."

तिचं बरोबर होतं. टरफल जास्त वेळ ठेवलं तर बांगड्याची आमटी, वर जीभ बधिर. आता उकळी उतरवून दहाच मिनिटं ठेवतो, आणि कुकसारखंच दुसरं पान मिसळतो : लिंबाचं.

गुळानं मात्र आमची खोड मोडली. गुळातला बारीक गाळ राहिला की गॅस सोडताना पेय फसफसून निम्मं जमिनीवर. एकदा पाक रात्रभर तसाच राहिला आणि सकाळी तोच भरला. तिसऱ्या दिवशी टिळकवाडीतल्या दुकानदाराचा फोन, "बाटल्या फुटायलेत!" बाटलीतच आंबत होतं, न मागता एल झालं होतं. दोन खोके गेले, दुकानदाराच्या फरशीचे पैसे मी भरले, चूक माझीच. तेव्हापासून पाक उकळून, दोनदा गाळून, त्याच दिवशी संपवायचा, हा नियम.

नावावरून घरात आठ दिवस वाद चालला. शेवटी लेबलावर 'चळी सोडा' आलं. कानडीत चळी म्हणजे थंडी. मराठीत चळ म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक, आणि अप्पांच्या मते तेच जास्त लागू. थंडीत कामगारांना सुट्टी द्यावी लागत नाही, एवढा माल जातो. उन्हाळ्याची बरोबरी होत नाही. भाचा परवा पिऊन गेला. म्हणाला, स्प्रूससारखं लागत नाही. मी म्हटलं, तिकडं बांगडा तरी कुठं मिळतो?

यंदाचं तिरफळ आलंय. शेडच्या दारात दोघी मावश्या बी वेचत बसल्यात, आणि संक्रांतीच्या आत तीनशे बाटल्यांची रबरं बदलायची आहेत.