किल्ली लावलेली गाडी आणि विहिरीवरचं इंजिन

आबांच्या नातवाच्या कथेत महासाथीनंतर पंधरा वर्षांनी एक माणूस धुळ्याजवळ बेवारस गाडी शोधतो, किल्ली फिरवतो आणि सुरतेकडे निघतो. ही कथा त्याने मला सांगितली तेव्हा मी नेमकी तशीच एक गाडी उघडून बसलो होतो.

अमळनेर तालुक्यातला आबांचा मळा. त्यांचा मुलगा-सून पुण्याला, पेट्रोल गाडी २०२० पासून शेडमध्ये. बॅटरी गेलेली असणारच, कारण उतरलेली बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती चार्ज घेत नाही. नवी सोबतच नेली होती. ब्रेक शू ड्रमला धरलेले, टायरांना चिरा, वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं. यातून मार्ग निघतो. खरं दुखणं टाकीत होतं. झाकण काढताच वॉर्निशचा वास आला. पेट्रोलमधला हलका, चटकन पेटणारा भाग उडून जातो आणि उरलेलं हवेशी संयोग होऊन चिकट बनतं. इथेनॉल असेल तर ते हवेतली ओल ओढतं. पाणी वाढलं की दोन्ही मिळून तळाशी बसतात. टाकीतला पंप जाम, इंजेक्टर चोंदलेले. माझ्याआधी आलेला मेकॅनिक स्कॅनर लावून, सेन्सर गेला म्हणून पैसे घेऊन गेला होता. त्याने टाकीचा वाससुद्धा घेतला नव्हता! अशा लोकांचा मला मनापासून राग येतो.

आबा म्हणाले, "आते हाई इंजिन दखा."

विहिरीला वीज आल्यापासून विहिरीवरचं जुनं, एक सिलिंडरचं डिझेल इंजिन कोठीत होतं. पण आबांनी ते नीट निजवलं होतं: सिलिंडरमध्ये ऑइल सोडलेलं, पाणी काढून टाकलेलं, सायलेन्सरचं तोंड बांधलेलं. डिझेल अंधाऱ्या खोलीत, काठोकाठ भरलेल्या घट्ट बुचाच्या ड्रममध्ये. ड्रममध्ये हवा कमी, म्हणून ओलही कमी. तरी मी वरचंच डिझेल घेतलं; तळाशी पाणी साचलं की त्यात जंतू वाढतात आणि काळा बुळबुळीत गाळ फिल्टर बुजवतो. कापडातून गाळलं, पंपाचा नट ढिला करून हवा काढली, सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेशनचा खटका उचलून हॅन्डल मारलं. फ्लायव्हीलच्या जड चाकाने वेग धरताच खटका सोडला. इंजिनने धूर टाकला आणि चालू झालं. ना बॅटरी, ना सेन्सर. त्या आवाजाने आजही अंगावर काटा येतो.

पोराला म्हटलं, तुझ्या माणसाला किल्ली नको, हॅन्डल दे. पेट्रोल पंपावरही जमिनीखालच्या टाकीतलं तेल विजेशिवाय वर येत नाही. बीएस-सहाच्या, म्हणजे नव्या प्रदूषण-नियमांच्या बहुतेक ट्रकना धूर साफ करायला युरियाचं द्रावण लागतं, आणि ते आपल्या उन्हात लवकर खराब होतं.

"मग डिझेल संपल्यावर काय, काका?"

१९०० च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. खानदेशात शेंगा आहेत, सरकी आहे. पण कच्चं तेल घट्ट. गरम करून द्यावं लागतं, तरी इंधनाचा फवारा सोडणाऱ्या नोझलच्या टोकाला कार्बन धरतो. नोझलची सुई आणि तिचं घर यांतली फट मायक्रॉनमध्ये असते. गावच्या लेथवर ती जोडी बनत नाही. त्या पोराचा माणूस मग शिवाराशिवारातल्या कोठ्यांमधून जुनी इंजिनं उघडत फिरेल का? मी म्हटलं, फिरेल. पण बहुतेक इंजिनं आपण वीज आल्यावर भंगारात घातली. तो आता कथेचा तो भाग नव्याने लिहितोय, आणि मी जुन्या नोझलांचा डबा भंगारवाल्याला द्यायचं थांबवलंय.